नाटकाचा तास

माध्यमिक शाळेतील नाटक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वार्षिक स्नेहसंमेलन उभे राहते. डिसेंबरची थंडी, मैदानात घातलेला मांडव, ध्वनिक्षेपकाची शिट्टी, भाड्याने आणलेले जरीचे पोशाख आणि पहिल्या रांगेत बसून आपल्याच मुलाचे छायाचित्र टिपणारे पालक. वर्गातील साठ मुलांपैकी आठ-दहा मुले रंगमंचावर असतात. वक्तृत्वात, पाठांतरात आणि सूत्रसंचालनात असतात तीच बहुधा येथेही असतात. उरलेली पन्नास मुले टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणे हेच आपले काम, असा त्यांचा समज त्या वयात पक्का होतो आणि पुढे तो सहसा जात नाही.

सांगलीतील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने सव्वीस वर्षे मुलांची नाटके बसवली. मुले त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. येथेही तेवढेच नाव पुरे. त्या सव्वीस वर्षांपैकी पहिली बरीच वर्षे बाईंनीही हेच केले. जूनमध्ये मुले पारखायची, चुणचुणीत तेवढी निवडायची, संवाद घोकून घ्यायचे, कुठे उभे राहायचे ते खडूने आखून द्यायचे. सांगली ही नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी याच गावी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि तो दिवस पुढे मराठी रंगभूमी दिन झाला. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. अशा गावात शाळेचे नाटक पडले तर त्याची चर्चा भाजीबाजारापर्यंत होते. नाटक पडू नये, एवढीच बाईंची दृष्टी होती.

२००६ साली त्यांनी नववीच्या मुलींची एकांकिका स्पर्धेसाठी बसवली. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीचे पाठांतर चोख होते, पण घाबरली की ती भरभर बोले आणि शब्दांचे शेवट गिळून टाकी. स्पर्धेला चार दिवस उरले असताना बाईंनी तिची भूमिका दुसऱ्या मुलीला दिली. “तुला सगळे पाठ आहे ना, मग तू विंगेत बस आणि तिला संवाद सांग,” असे त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली. स्पर्धेच्या दिवशी ती वही घेऊन विंगेत बसली, तिने एकही चूक होऊ दिली नाही. शाळेला पहिला क्रमांक मिळाला. ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. ती मुलगी पुन्हा कधी रंगमंचाकडे फिरकली नाही, आणि हे बाईंच्या लक्षातही आले नाही.

अकरा वर्षांनी मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी बाई बँकेत गेल्या, तेव्हा टेबलापलीकडच्या तरुण अधिकारी मुलीने उठून नमस्कार केला. ओळख पटायला क्षणभर लागला. गप्पांच्या ओघात बाईंनी त्या एकांकिकेची आठवण काढली. मुलगी हसली. “बाई, मला ते संवाद अजून पाठ आहेत,” असे म्हणून तिने संगणकाच्या पडद्यावरची नजर न हटवता, हलक्या आवाजात, त्या भूमिकेचे पहिले स्वगत सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवले. एकाही शब्दाचा शेवट तिने गिळला नाही. मग पावतीवर शिक्का मारता मारता ती म्हणाली, “बाई, परीक्षेत नापास झाले असते तर ऑक्टोबरला पुन्हा बसता आले असते. तिथे पुन्हा बसायची सोय नव्हती.” आवाजात राग नव्हता. पुढच्याच वाक्यात तिने पॅन कार्डाची झेरॉक्स राहिली असल्याचे सांगितले.

बाई घरी आल्या. ढाल शाळेच्या नावे जमा झाली होती. तिच्यासाठी जे खर्ची पडले ते कोणत्याच वहीत मांडलेले नव्हते. गणिताच्या तासाला ज्या मुलाला गणित येत नाही त्याला शिक्षक अधिक गणिते देतो. नाटकात मात्र ज्याला बोलता येत नाही त्याचे बोलणे आधी काढून घेतले जाते. मग नाटक हा शिकवण्याचा विषय आहे की फक्त निवडण्याचा, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

उत्तर शोधताना त्यांना कळले की हा प्रश्न आपल्या आधी अनेकांना पडून गेला आहे. दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. रंगभूमीवरील त्यांचे नाव झाले ते पुढे. आधी त्या शाळेतील मुलांची नाटके बसवीत. ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली आणि मुलांसाठी ‘चंद्रशाला’ हा विभाग चालवला. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, सुधा करमरकर यांनी बालरंगभूमीची स्वतंत्र संस्था उभी केली आणि रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’ने तिचा आरंभ केला. इंग्लंडमधील डोरोथी हीथकोट या बाईंची गोष्ट तर त्यांना विशेष जवळची वाटली. चौदाव्या वर्षी कापड गिरणीत कामाला लागलेली ही मुलगी पुढे नाट्यशिक्षणातील मोठी गुरू झाली. त्या वर्गासमोर उभ्या राहून सूचना देत नसत. स्वतःच एखादी भूमिका घेऊन मुलांच्या खेळात शिरत, आणि मुलांना त्या प्रसंगातूनच विचार करावा लागे.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये संगीत, नृत्य आणि दृश्यकला यांच्या जोडीने नाट्यकलेलाही शालेय शिक्षणात स्थान दिलेले आहे. तो कागद दाखवून बाईंनी कलाशिक्षणाच्या वेळापत्रकात आठवीसाठी आठवड्याचे दोन सलग तास मागून घेतले. निवडक आठ मुलांसाठी नव्हे, सबंध वर्गासाठी.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि अंतःकरणाचा. शाळेच्या नाटकात सुरुवात आहार्यापासून होते; आधी मुकुट आणि दाढी ठरते, मग संवाद येतात, आणि शरीराला काही करायला वेळच उरत नाही. बाईंनी क्रम बदलला. पहिला महिनाभर शब्दच नव्हते. बाके भिंतीला सरकवायची, चपला बाहेर काढायच्या आणि गोल करायचा. दोघादोघांनी समोरासमोर उभे राहून आरसा व्हायचे: एकाने हात हलवला की दुसऱ्याने तसाच हलवायचा, आणि बघणाऱ्याला खरा कोण व प्रतिबिंब कोण हे कळता कामा नये. दहादहा जणांच्या गटाने ‘बसथांबा’, ‘आठवडी बाजार’, ‘दवाखान्याची रांग’ अशी स्थिरचित्रे उभी करायची आणि टाळी वाजली की त्यातील एकाने आपल्या मनात काय चालले आहे ते एका वाक्यात सांगायचे.

मग आवाज आला. पोटावर तळहात ठेवून श्वास घ्यायचा, तो कुठवर जातो ते पाहायचे, आणि न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा. अर्थ नसलेल्या भाषेत भांडायचे आणि समेट करायचा. सर्वांत अवघड ठरला तो वरवर सोपा वाटणारा खेळ: समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यायचे, एक श्वास घ्यायचा आणि मगच उत्तर द्यायचे. साठ मुलांत पहिल्या दिवशी हे जेमतेम चार-पाच जणांना जमले. बाकीच्यांचे उत्तर समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच तोंडात तयार असे. बाई म्हणत, “संवाद म्हणजे आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणे नव्हे. ऐकणे हे अर्धे काम आहे, आणि ते बोलण्यापेक्षा कठीण आहे.”

२०२३ च्या जूनमध्ये आठवीत आलेल्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे आडत दुकान. हिशोबात हुशार, अक्षर मोत्यासारखे. पण बोलताना अडखळे. ‘क’ आणि ‘व’ ही अक्षरे त्याला विशेष अडवीत. हजेरी घेताना तो ‘हजर’ न म्हणता हात वर करी आणि सगळ्या शिक्षकांनी ते मान्य केले होते. रंगमंचाचा अनुभव त्याला होता, तो पाठशाळेतला. पर्युषण पर्वात मुलांनी चंदनबालेची नाटिका केली होती. अलीकडे रीत आहे तसे सर्व संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले होते; मुलांनी नुसते ओठ हलवायचे. हा भाला घेऊन द्वारपाल म्हणून उभा राहिला होता. तेथे अडखळण्याचा प्रश्न नव्हता, कारण बोलण्याचाच प्रश्न नव्हता. अशा नाटिका निर्दोष होतात, वेळेत संपतात, श्रोत्यांना प्रत्येक शब्द ऐकू येतो. फक्त एक गोष्ट राहून जाते: मुलाचा स्वतःचा आवाज त्या सभागृहात कधी ऐकूच येत नाही.

नाटकाच्या तासाचे कळल्यावर त्याचे वडील शाळेत आले. “बाई, त्याला बोलायला लावू नका,” ते म्हणाले. “दुकानात कोणी काही विचारले की मी लगेच मध्ये पडून त्याचे वाक्य पुरे करतो. इथे मी नसणार. सगळे हसतील.” बापाचे ते प्रेम होते आणि भीतीही होती. बाईंनी आधी त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला दिला. नाटक हे औषध नव्हे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. “मी त्याला बरे करीन असे म्हणत नाही. वर्गात बसलेल्या प्रत्येकाला बोलायची पाळी मिळेल, एवढेच म्हणते. नको असेल तर तो नाही म्हणू शकतो.” वडील ‘बघू’ म्हणून गेले, आणि पुढच्याच आठवड्यात मुलाला घेऊन तज्ज्ञांकडे गेले.

पहिल्या महिन्यात शब्द नसल्यामुळे तो मुलगा इतरांच्या बरोबरीनेच होता. आरशाच्या खेळात तर सर्वांत सरस. समूहाने एकत्र बोलताना त्याची जीभ अडत नसे. समूहस्वरात किंवा गाताना अडखळणे बहुधा कमी होते, हे या विषयातील जाणकारांना ठाऊक असते; मुलांना मात्र ते नवल वाटले. एकट्याने बोलताना तो अडखळेच. पण ‘ऐकून, श्वास घेऊन, मग उत्तर’ या खेळाची सवय झालेला वर्ग आता थांबायला शिकला होता.

नाटक कोणते करायचे हे दिवाळीच्या सुटीपूर्वी ठरले. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीचा विचार मोहन आगाशे यांनी पुण्यात आणला आणि १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट मोठे’ हे नाटक झाले. मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न मुलांच्याच बाजूने मांडायचे, ही त्या नाटकांची रीत बाईंना आवडत असे. राक्षस आणि पऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते. पण या वर्गाजवळ स्वतःची एक गोष्ट होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही मुले आठ-नऊ वर्षांची होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. कोणी मुले नावेतून बाहेर आली होती, कोणी दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री काढल्या होत्या, कोणी निवारा केंद्रात इतरांना वाढले होते. प्रत्येकाने एक आठवण सांगायची आणि गटाने ती उभी करायची, असे सुरू झाले. लिहिलेली संहिता नव्हती. बाईंनी मुलांना सांगितले, “भाव्यांच्या नाटकांतही असेच असे. सूत्रधार पदे म्हणायचा आणि पात्रे आपले बोलणे आयत्या वेळी रचायची. आपण गावची जुनी रीत पुन्हा चालवतो आहोत.” महिन्याभरात त्यातून अर्ध्या तासाचे नाटक उभे राहिले.

त्यात एक म्हातारा दुकानदार होता. पाणी पायरीला लागले आहे, नाव दारात आली आहे, नात हाका मारते आहे. पण हिशोबाच्या वह्या माळ्यावर ठेवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. कोणाचे किती देणे आहे हे त्या वह्यांत आहे. त्या गेल्या तर लोक बुडवतील ही त्याची भीती नाही, आपल्याकडून कोणाचे पैसे राहून जातील ही आहे. हा प्रसंग त्या मुलाने सांगितला होता. तो त्याच्या आजोबांचा होता. भूमिका कोण करणार असे बाईंनी विचारले तेव्हा त्याने, हजेरीला करी तसाच, हात वर केला. कंदील धरणारी नात वर्गातील सर्वांत स्वच्छ वाणीच्या मुलीकडे गेली. बाकीच्यांत कोणी नावाडी झाले, कोणी पूर, कोणी निवारा केंद्रातील माणसे; काहींनी नेपथ्य घेतले, काहींनी खर्चाची वही. हिवाळ्यात काही मुलांना सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवायचे असे, म्हणून तालीम साडेपाचला संपे. तेवढ्या वेळात काम बसवायचे हीही एक शिस्तच झाली.

स्पर्धा जानेवारीत होती. डिसेंबरच्या अखेरीस मुख्याध्यापकांनी तालीम पाहिली आणि बाईंना बोलावले. ते कठोर गृहस्थ नव्हते. “नाटक चांगले आहे,” ते म्हणाले. “पण मोक्याच्या वाक्याला तो मुलगा थांबतो आणि सगळे नाटक थांबते. दुकानदार दुसऱ्याला द्या, याला पुराच्या समूहात घ्या. संस्थेत कोणी कोणी विचारू लागले आहेत की आठवीला नाटकाचे दोन तास कशाला. बक्षीस आले तर मला त्यांना उत्तर देता येईल.” तेच दिवस, तोच सल्ला, आणि या वेळी त्यात तथ्यही होते. एका मुलासाठी साठ मुलांचा तास धोक्यात घालायचा का, हा प्रश्न खोटा नव्हता. बाईंनी एक दिवसाची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तालीम घेतली नाही. गळ्यात शिट्टी अडकवून त्या क्रीडाशिक्षक झाल्या आणि चार मुलांचा रिले संघ उभा केला. त्यातील एक धावक सावकाश. शर्यत परवा. संघ हरला तर शाळेचे मैदान जाणार. काय करायचे? मुले तावातावाने बोलू लागली. स्वच्छ वाणीची ती मुलगी म्हणाली, “सर, त्याला आत्ता बदला. ढाल आली तर मैदान राहील. मैदान राहिले तर पुढच्या वर्षी त्यालाही पळता येईल.” याला कोणाजवळ उत्तर नव्हते. बाईंनी शिट्टी वाजवून जागा बदलायला सांगितल्या. आता त्या मुलीने सावकाश धावक व्हायचे, मध्ये स्टुलावर बसायचे, आणि इतरांनी तीच चर्चा पुन्हा करायची. पाच मिनिटांनी ती आपणहून उठली. “सगळे माझ्याबद्दल बोलत होते,” ती म्हणाली, “माझ्याशी कोणीच बोलले नाही.”

वर्ग शांत झाला. मागून त्या मुलाने हात वर केला. “ब-बाई, हे माझ्याबद्दल आहे ना?”

बाईंनी क्षणभर विचार केला आणि ‘हो’ म्हटले.

त्याला पुढचे वाक्य बोलायला वेळ लागला. कोणी मध्ये बोलले नाही. “मला क-करायचे आहे. पण मी अडलो तर माझे व-वाक्य कोणी पुरे करायचे नाही.”

अट त्याने घातली होती. मान्य करायची की नाही हे वर्गाने ठरवायचे होते, आणि वर्गाने ती मान्य केली. सगळ्यांनी आनंदाने नव्हे. दोघे-तिघे नाराज होते आणि त्यांनी ते बोलून दाखवले. बाईंनी मुख्याध्यापकांना निर्णय कळवला व जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. “ठीक आहे,” ते म्हणाले, “पण तासांचे मी सांगू शकत नाही.”

स्पर्धेच्या दिवशी तो मोक्याच्या वाक्याशी अडला. ‘वह्या’ या शब्दातला पहिला ‘व’ ओठांवर आला आणि तेथेच राहिला. विंगेतल्या प्रॉम्प्टरने वही उघडून तोंड पुढे केले आणि त्याला अट आठवली. तो गप्प बसला. नात झालेली मुलगी कंदील वर धरून आजोबांकडे पाहत उभी राहिली. ती हलली नाही, सुचवले नाही, खाली पाहिले नाही. पाच-सहा सेकंद गेले. रंगमंचावर तो फार मोठा काळ असतो. प्रेक्षकांत मागे कोणी तरी हसले, ते सर्वांना ऐकू आले. मग शब्द आला आणि वाक्य पूर्ण झाले. नाटक पुढे गेले.

शाळेला क्रमांक मिळाला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात समूहकामाची स्तुती होती आणि त्याखाली एक ओळ होती: मध्यावर एका प्रसंगाची गती तुटते. शेरा खरा होता. परतीच्या गाडीत नात झालेली मुलगी खिडकीशी बसून रडली. “बाई, आपण जिंकलो असतो,” ती म्हणाली. बाई म्हणाल्या, “कदाचित.” त्याहून अधिक काही बोलणे त्यांना खोटे वाटले. ज्याच्यासाठी आपण काही सोडतो, ते सोडताना दुखते. दुखू नये असे मुलांना सांगण्यात अर्थ नसतो. पुढच्या वर्षी आठवीचे नाटकाचे तास दोनाचे एक झाले. बाईंनी तो एक तास घेतला आणि व्यायाम निम्मे केले.

जमेच्या बाजूला काय आले, हे मांडायला सोपे नाही. मुलाचे अडखळणे थोडे कमी झाले, पण ते उपचारतज्ज्ञांचे आणि त्याच्या सरावाचे श्रेय. थकला किंवा रागावला की तो अजून अडतो. हजेरीला मात्र तो आता ‘हजर’ म्हणतो, कधी एका दमात, कधी दोन. फेब्रुवारीत शाळेत पालकांसाठी प्रयोग झाला तेव्हा त्याचे वडील आले होते. प्रयोगानंतर ते फारसे काही बोलले नाहीत. पण पुढे एकदा बाई हळद घ्यायला दुकानात गेल्या असता त्यांनी पाहिले: गिऱ्हाइकाने भाव विचारला, मुलगा उत्तर देताना अडला, वडिलांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. गिऱ्हाईक थांबले. मुलाने भाव सांगितला.

मुलांना नाटक कशासाठी शिकवायचे, असे पालक विचारतात. त्यातून नट किती होणार? फार थोडे, बहुधा एकही नाही. पण दुकानात, कचेरीत, दवाखान्यात, घरात यांतल्या प्रत्येकाला आयुष्यभर बोलावे लागणार आहे, आणि त्याहून अधिक वेळ दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे लागणार आहे. ते शिकवणारा तास वेळापत्रकात दुसरा नाही.

पुढच्या वर्षी ती मुले नववीत गेली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, रंगभूमी दिनाला, बाईंनी नव्या नाटकाची कामे वाटायला घेतली आणि नववीच्याही ज्यांना यायचे असेल त्यांना बोलावले. तो मुलगा आला. कोणती भूमिका हवी असे विचारल्यावर त्याने मान हलवली. त्याला विंगेत बसायचे होते, संहिता घेऊन. बाई चपापल्या. अठरा वर्षांपूर्वी एका मुलीच्या हाती त्यांनीच दिलेली ती वही त्यांना आठवली.

“तुला बोलायचे नाही म्हणून का?” त्यांनी विचारले.

“नाही बाई,” तो म्हणाला. “कोणाला शब्द हवा आहे आणि कोणाला नुसता व-वेळ हवा आहे, ते मला कळते.”

बाईंनी वही त्याच्या हाती दिली.